नऊ नावांची किनार

उन्नतीला झोळीत घालून दोन झोके दिले, की रंजिताला हक्काचा पाऊण तास मिळायचा. त्या पाऊण तासात कुणी जेवतं, कुणी डुलकी काढतं. रंजिता पाटावर आलेखाचा कागद पसरायची आणि लाल पेन्सिलीने बारीक बारीक चौकोन भरत बसायची. एक लाल चौकोन म्हणजे पुठ्ठ्याच्या पत्त्यात एक भोक, आणि एक भोक म्हणजे लूमवर एक धागा वर. हे गणित तिला लग्नानंतर महिन्याभरात उमगलं होतं. तिचा नवरा केसरीनाथ, भिवंडीजवळच्या शेलार गावात घरामागच्या शेडात बारा लूम चालवणारा, त्याला ते अजून नीटसं उमगलेलं नव्हतं. पण नक्षी काढायची बायकोने आणि चालवायची आपण, अशी वाटणी झाल्यामुळे त्याचं काही अडत नव्हतं.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या मे महिन्यात, रंजिता जी नक्षी काढत होती ती केसरीनाथला फार आवडली होती.

"वेगळीच फुलं हायत," तो कागद उलटासुलटा करून म्हणाला. "गुजराती पार्टीला पन दाखवू."

"नको," रंजिता म्हणाली. "ही एकाच पार्टीची."

माळ्याच्या शिडीवर बसलेल्या लेमलेमने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.

लेमलेम मार्चमध्ये आली होती. मुंबईच्या कॉलेजात कापडाचं शिकणारी, तिथेच मराठी बोलायला शिकलेली, चार महिने शेडात काम बघायला पाठवलेली. उंच, केसांच्या बारीक बारीक वेण्या, हसली की खांदे हलायचे. केसरीनाथच्या आईने, बायजाबाईने, तिला माळ्यावरची खोली दिली आणि पहिल्याच संध्याकाळी चौकशी केली.

"पोरी, तुजं गाव कंचं?"

"इरिट्रिया, आजी."

"ते कर्जतच्या पुढं का?"

"खूप पुढं. आफ्रिकेत, समुद्राच्या पलीकडे."

"तिकडं पन समुद्र हाय?"

"हाय," लेमलेम म्हणाली. तिने शेलारमध्ये उचललेला हा पहिला शब्द.

"मंग मासे खात असशील," बायजाबाई म्हणाली आणि चौकशी संपली.

शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी लेमलेम तव्यावर कॉफीच्या हिरव्या बिया भाजायची. घरभर धूर, धुरात उन्नतीचं शिंकणं. मग छोट्या कपांतून कॉफी, एकदा नाही, तीनदा. त्यांच्याकडे तशी रीतच होती. पहिला कप कडू, दुसरा कमी कडू, तिसऱ्याला आशीर्वाद म्हणायचं. बायजाबाई तिन्ही कपांत गूळ घालायची आणि गुडघे चोळत वर म्हणायची, "आशीर्वाद मना पहिल्याच कपात दे, गुरघ्याला जोर यील."

अशाच एका शुक्रवारी तिसरा कप हातात असताना लेमलेमने बापाची गोष्ट सांगितली. बाप चार पानांचं वर्तमानपत्र काढायचा. दोन हजार एकच्या सप्टेंबरात सरकारने आपलं एक ठेवून बाकीची सगळी वर्तमानपत्रं एका दिवसात बंद केली आणि ती काढणाऱ्यांना उचलून नेलं. बाप सपाता घालून दारात उभा होता, तसाच गेला. ना कोर्ट, ना कागद. आई कचेरीच्या खिडकीशी जाऊन विचारायची, माझा नवरा तेकले कुठे आहे. आतला माणूस म्हणायचा, कोण तेकले? असा कुणी आमच्याकडे नाही. मावशी स्वीडनला होती. ती दर शनिवारी चारचौघींना घेऊन हातात फोटो धरून इरिट्रियाच्या वकिलातीसमोर रस्त्यावर उभी राहायची. तिथेही त्यांचे अधिकारी हसून म्हणायचे, कसला तुरुंग? कुणाची नावं? आमच्या सहीचा एक तरी कागद दाखवा.

"पाच वर्षं झाली, वहिनी," लेमलेम म्हणाली. "मला तो सोडून पाहिजे, असं पण मी आता म्हणत नाही. एकदा त्यांच्यातल्या कुणी म्हणावं, की तेकले नावाचा माणूस आहे."

"मंग तू पन फोटू घेऊन उभी रहा ना," बायजाबाई म्हणाली.

तेच तर करता येत नव्हतं. लेमलेमचा पासपोर्ट जूनमध्ये संपत होता. नवा द्यायचा की नाही हे त्यांच्या दिल्लीतल्या वकिलातीतल्या साहेबाच्या हातात. साहेबाच्या समारंभांना गेलं, हजेरी लावली, तोंड बंद ठेवलं, तर सही. नाहीतर इथे कागदाविना अडकायचं आणि तिकडे आईच्या दारात पोलीस.

आणि नेमका साहेबाचाच समारंभ आला. चोवीस मे, त्यांचा स्वातंत्र्यदिन, पुण्याच्या एका सभागृहात. सगळ्या विद्यार्थ्यांनी पांढरी शाल पांघरून यायचं, किनारीला नक्षी, त्यांच्याकडच्या पद्धतीची. शाली कुठून घ्यायच्या, असं विद्यार्थ्यांच्या मंडळात निघालं तेव्हा लेमलेमच्या एका मित्राने भिवंडीच्या दौलत दलालाचा नंबर पुढे केला. तो नंबर त्याला कुणी दिला हे कुणी विचारलं नाही. दौलतने ऑर्डर केसरीनाथला आणून दिली. पाचशे शाली. दोनशे पुण्याला, तीनशे नंतर दुसऱ्या शहरांना.

मंडळाला पसंतीसाठी गेला तो नमुना वीतभर होता. वीतभरात चौकटी आणि क्रूस, सुबक. मंडळ खूश झालं. शालीची किनार मात्र चांगली चार हात होती, आणि वीत संपली की पुढे चौकटी-चौकटींच्या मधून लेमलेमच्या लिपीतली अक्षरं सुरू होत होती. ती अक्षरंही अशी, की एकेक म्हणजे हात वर केलेला, कंबरेवर हात ठेवलेला, एका पायावर उभा असलेला छोटा माणूसच. नक्षीत नक्षी मिसळून जायची. नऊ नावं. नऊही माणसं वर्तमानपत्रवाली, नऊही एकाच आठवड्यात उचललेली.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात पुठ्ठ्याचे पत्ते पाडणाऱ्या चाचांनी कागद चष्म्याजवळ नेला. "बहू, ये बेल-बूटा कहाँ का है?"

"बहुत दूर का, चाचा."

"दूर का ही लगता है," चाचा म्हणाले आणि भोकं पाडायला बसले.

शेडात कामगारांनाही काही दिसलं नाही, कारण जेकार्डवर, म्हणजे पत्त्यांवर चालणाऱ्या लूमवर, कापड उलटं विणलं जातं. सुलटी बाजू खाली. केसरीनाथ रोज टॉर्च घेऊन लूमखाली आडवा व्हायचा, पाठीला तेल लावून घेऊन बाहेर यायचा आणि म्हणायचा, "फुलं साफ येतायत."

घरात एक रीत होती. नवी नक्षी लूमवर चढली की पहिला तुकडा विकायचा नाही, घरातल्या सगळ्यांत लहान जिवाला द्यायचा. तशी पहिल्या शालीची उन्नतीला झोळी झाली. बायजाबाईने ती बांधताना किनारीवरून बोट फिरवलं आणि थांबली.

"रंजिता. ही फुलं न्हाईत."

"का हो, आई?"

"फुलाला देठ असतो."

रंजिताने शेडाकडे पाहिलं, लूमचा खडखडाट चालू आहे ना याची खात्री केली आणि सासूच्या कानात सगळं सांगितलं. म्हातारीने बोट परत किनारीवर ठेवलं. मग म्हणाली, "यातला पोरीचा बाप कंचा?"

रंजिताने दाखवला. चौथा.

बायजाबाईने बांधलेली झोळी सोडली, कापड सरकवून घेतलं आणि चौथं नाव बरोबर उन्नतीच्या डोक्याशी येईल अशी पुन्हा बांधली. "केसरीला सांगू नको," ती म्हणाली. "त्याच्या पोटात ऱ्हात न्हाय काय."

समारंभ झाला. लेमलेमला हजेरीसाठी जावंच लागलं. गुरुवारी दुपारी ती परत आली आणि केसरीनाथ शेडात आहे हे बघून स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन सांगायला बसली. सांगताना तिचे खांदे असे हलत होते, की मधले शब्द गळून पडत होते. शाली ऐन वेळी दारात वाटल्या, सगळ्यांनी घाईत पांघरल्या. राष्ट्रगीत झालं, सगळे बसले. खुर्च्या एकामागे एक. प्रत्येकाच्या नाकासमोर पुढच्याची पाठ. तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्मा पुसला, परत लावला, आणि पुढच्या पोराची पाठ वाचायला लागले. मग त्यांच्या शेजारचा. पाच मिनिटांत सगळं सभागृह एकमेकांच्या पाठी वाचत होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नुसती मान डावीकडून उजवीकडे.

"आणि साहेब?" रंजिताने विचारलं.

"साहेब स्टेजवर. भाषण करत होता. देशात सगळे सुखी आहेत. आणि त्याच्या खांद्यावरून खाली, वहिनी, इथे," तिने आपल्या छातीवर हात ठेवला, "माझा बाबा."

साहेबाला कळलं ते जेवणाच्या वेळी. हात धुताना आरशात. शाल पांघरून झाल्यावर घडी घालून ठेवतात, ती तो तशीच बेसिनवर टाकून बाहेर आला म्हणे.

रंजिता हसून हसून थकली. मग उठून तिने दाराला कडी घातली. "आता तो शोधेल."

"शोधेल," लेमलेम म्हणाली. "माझ्या सहीला अजून तीन आठवडे आहेत."

तो शनिवारीच आला. दौलतच्या स्कूटरवर मागे बसून, सुटाबुटात, धुळीने माखलेला. माळ्यावरच्या खिडकीतून लेमलेमने त्याला ओळखलं आणि ती वरच थांबली. रंजिताने शिडी काढून भिंतीला आडवी टेकवली आणि तिच्यावर दुपटी वाळत घातली.

साहेब तरुणपणी पुण्यातच शिकलेला, त्यामुळे हिंदी तोंडात होती. देवनागरी वाचायच्या भानगडीत मात्र तो कधी पडला नव्हता. त्याने ब्रीफकेसमधून शाल काढली आणि केसरीनाथसमोर धरली.

"ये क्या है?"

"शाल है," केसरीनाथ म्हणाला. "कायको? धागा निकला?"

"ये किनारा। किसने बनाया?"

"मेरी मिसेसने," केसरीनाथ अभिमानाने म्हणाला. "अच्छा है ना? फुलं एकदम साफ."

साहेब त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. असल्या तोंडाच्या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे कुणालाही दिसलं असतं. रंजिता पदर सावरून पुढे झाली.

"साहब, नमुना छोटा था, एक बित्ता। किनार लंबी। बाकी जगह भरना तो पडता है। गोदाम की रद्दी में बाहर के पेपर आते हैं, उसमें अच्छा बेल-बूटा दिखा, मैंने उठा लिया। इधर सब ऐसाच करते हैं।"

यातलं शेवटचं वाक्य इतकं खरं होतं, की दौलतने नकळत मान हलवली. साहेबाने त्याच्याकडे वळून विचारलं, "यहाँ हमारे देश का कोई आता है? कोई लड़की?"

"हां, वो एक..." दौलत सुरू झाला.

"दौलत," बायजाबाई म्हणाली. तिने ताकाचा पेला त्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दौलत लहानपणी याच घराच्या आंब्यावरून पडला होता आणि खाली बायजाबाई याच नजरेने उभी होती.

"वो एक नायजेरियावाला आता था," दौलत म्हणाला. "पिछले साल. लंबा आदमी था." आणि त्याने पेला तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

साहेबाने रुमालाने मान पुसली. बाकीच्या तीनशे शाली आत्ताच्या आत्ता थांबवायच्या, विणलेल्या ताब्यात द्यायच्या, दुसऱ्या साध्या किनारीच्या विणून द्यायच्या, असं त्याने सांगितलं.

"देंगे ना," केसरीनाथ म्हणाला. "चिठ्ठी लिखो।"

"कौन सी चिठ्ठी?"

हा केसरीनाथच्या शेडाचा नियम. मागे एका पार्टीने दुसऱ्याचा डागाळलेला माल याचा म्हणून परत आणला होता. तेव्हापासून माल परत करणाऱ्याने काय चूक आहे ते सांगायचं, रंजिताने ते लिहायचं, पार्टीने सही-शिक्का करायचा, मगच माल बदलून. सख्खा मेहुणा आला तरी चिठ्ठी.

"उसकी ज़रूरत नहीं," साहेब म्हणाला.

"जरुरत कैसे नहीं? चिठ्ठी नहीं तो लूम बंद नहीं। लाइट आया की चालू।" केसरीनाथला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो दगडासारखा ठाम होता.

लाइट गेलेलीच होती. भारनियमन. शेलारमधला एकही लूम चालत नव्हता, आणि गाव इतकं शांत होतं की झोळीच्या दोरीचा आवाज ऐकू येत होता. रंजिताने वही उघडली. वर तारीख घातली.

"क्या गलती है, साहब?"

"इसमें नाम हैं।"

"किसके?"

"तुमको क्या करना है?"

"साहब," रंजिता म्हणाली, "दुसऱ्या कंपनी का नाम किनार पे आया तो केस होती है। कौन सी कंपनी है, लिखना पडेगा।"

"कंपनी नहीं है। आदमी हैं।"

"कौन कौन?"

साहेबाने घड्याळ पाहिलं, शेडाकडे पाहिलं, आणि शाल उलगडून पुटपुटायला सुरुवात केली.

"मोठ्यानं बोलाय सांग त्याला," बायजाबाई म्हणाली. "मना ऐकू येत न्हाय." दोन घरं पलीकडे नारळ पडला तरी कुणाच्या झाडाचा ते सांगणारी बाई ती.

साहेबाने आवाज चढवला. "ग्रमाई वोल्दू." रंजिताने लिहिलं. "इद्रिस हामिद." लिहिलं. "बेराकी तस्फू." मग तो क्षणभर थांबला, कापड जवळ घेतलं. "तेकले हब्तू."

माळ्यावरून कापसाची थोडी धूळ खाली आली आणि झोळीवर पडली. रंजिताने वर पाहिलं नाही. "तेकले... आगे क्या बोला, साहब?"

"हब्तू. तेकले हब्तू."

"फिर से एक बार?"

"तेकले हब्तू!" साहेब ओरडला. झोळीतली उन्नती दचकली, तोंड वाकडं केलं आणि बायजाबाईने झोका दिल्यावर परत निजली.

उरलेली पाच नावं झाली.

"और कल को ये लोग आके बोले, हमारा नाम बिना पूछे कायको डाला?" रंजिताने विचारलं.

"वो नहीं आएँगे।"

"आएँगे तो?"

"नहीं आ सकते। जेल में हैं।"

"कब से?"

"पाँच साल।" त्याने हात झटकला. "लिखो और खत्म करो।"

रंजिताने लिहिलं. तिचं अक्षर गावात नावाजलेलं, वळणदार. तिने वही त्याच्यापुढे केली. साहेबाने कागद वरून खाली पाहिला.

"क्या लिखा है?"

"जो आपने बोला, वोही," रंजिता म्हणाली, आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं.

इथे कुणालाच वाचता न येणाऱ्या अक्षरांवरून इतका धुरळा उडवणाऱ्या त्या माणसाने स्वतःला वाचता न येणाऱ्या अक्षरांखाली सही केली, ब्रीफकेसमधून शिक्का काढला आणि तारखेवर दाबला.

निघताना त्याची नजर झोळीवर गेली. तो किनार ओळखून पुढे आला. "ये भी दो।"

बायजाबाई झोळीपुढे उभी राहिली. कमरेत वाकलेली बाई ती, त्याच्या कोपराएवढी. "निजलेल्या पोराची झोली सोरत न्हाईत," ती म्हणाली. "दौलत, सांग तुझ्या साहेबाला."

दौलतने तोंडचा पेला पहिल्यांदा बाजूला केला. "नहीं छोड़ते, साब। इधर कोई नहीं छोड़ता।"

स्कूटर वळणाआड गेली आणि लाइट आली. बाराच्या बारा लूम एकदम धडधडायला लागले, शेजारचे शंभर त्यात मिळाले, आणि त्या आवाजात माळ्यावर लेमलेम हसली की रडली हे खाली कुणालाच कळलं नाही. शिडी लावल्यावर ती उतरली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि खांदे हलत होते.

रंजिताने तिला चिठ्ठी वाचून दाखवली. 'शालीच्या किनारीवर खालील नऊ माणसांची नावे आली आहेत. ही माणसे पाच वर्षांपासून आमच्या देशात तुरुंगात आहेत. त्यांची नावे आम्हाला नकोत. माल बदलून द्यावा.' खाली नऊ नावं, सही, शिक्का.

"परत वाचा, वहिनी."

रंजिताने परत वाचलं. बोट चौथ्या नावावर ठेवून.

केसरीनाथ दारात उभा होता. त्याच्या तोंडावर हळूहळू उजाडत होतं. "म्हंजे ती फुलं नव्हती?" तो म्हणाला. "मी त्याच्यासमोर एवढं खोटं बोललो?"

"तुम्ही एकटेच खरं बोललात," रंजिता म्हणाली.

"मना कुणी सांगितलं का न्हाय?"

"म्हनून तर," बायजाबाई म्हणाली आणि कॉफीसाठी गूळ चिरायला घेतला. शुक्रवार नसताना.

मग लेमलेमने निजामपुऱ्यात जाऊन चिठ्ठीची झेरॉक्स काढली आणि स्वीडनच्या मावशीला फॅक्स केली. मावशीचा फोन आला, ही कोणती भाषा? पुढच्या शनिवारी तिकडे रस्त्यावर नऊ फोटोंच्या मध्ये एक दहावी पाटी होती. तिच्यावर रंजिताचं अक्षर माणसाएवढं मोठं करून लावलेलं, खाली भाषांतर. कागद दाखवा म्हणणारा अधिकारी खिडकीशी आला आणि पडदा ओढून आत गेला, असं मावशीने कळवलं.

साहेबाने शाली परत मागवल्या. दोनशेपैकी एकशे चौऱ्याण्णव मिळाल्या. सहा जणांनी हरवल्याचं सांगितलं, त्यात एक प्राध्यापक होते.

लेमलेमचा बाप सुटला नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिचा नवा पासपोर्ट मात्र आला; हजेरी लागलेली होती, आणि तिच्या तोंडून कुणी काही ऐकलं नव्हतं. तिने तो उघडून ओट्यावर ठेवला आणि शेजारी चिठ्ठीची वही उघडली, सहीला सही लागून. बायजाबाई कंबरेवर हात ठेवून दोन्हींवर वाकली. वाचता तिला कुठलीच अक्षरं येत नव्हती. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"हात तोच हाय," ती म्हणाली.

झोळीत उन्नती जागी झाली होती. ओरडत नव्हती. डोक्याशी आलेली किनार मुठीत धरून चोखत पडली होती.